तळघराचं काम: आधी मी, मग कंपनी, मग मिस्त्री मामा (चार पावसाळे थांबून लिहिलेला रिव्ह्यू)

हा रिव्ह्यू मी २०२३ मध्येच एकदा लिहून मोकळा झालो होतो, पाच स्टार देऊन, नी २०२४ च्या सप्टेंबरात स्वतःच्याच हातानं डिलीट केला. म्हणून आता जरा दमानं लिहितोय.

घर लातुरात, औसा रोडच्या बाजूला. प्लॉट उताराचा, समोरून मागं जाईस्तोवर पाच-सहा फुटांचा फरक. २०१४ ला बांधकाम काढलं तेव्हा इंजिनिअर म्हणला की जोत्यात एवढा मुरूम भरण्यापेक्षा खाली एक खोली काढून घ्या, नकाशात स्टोअर दाखवू. झालं, वीस बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली निघाली. तीन बाजूंनी आरसीसी भिंत, तिच्या पलीकडं काळी माती, नी मागची बाजू उघडी, विटाची, तिला वर दोन व्हेंटिलेटर. जिना घरातूनच. पहिली दोन वर्षं खोली खडखडीत कोरडी. येणारा-जाणारा म्हणायचा वा काय गारवा आहे, नी आम्हीपण फुगून सांगायचो की एसीची गरज नाही. आता कळतंय की कोरडी का होती. जमिनीतच पाणी नव्हतं ना! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, आम्ही घागरी घेऊन टँकरच्या लाइनीत, त्या वर्षी भिंतीतून काय झिरपणार. नी गंमत बघा, त्याच वर्षी परतीचा पाऊस असा कोसळला की ऑक्टोबरात आमच्या तळघराच्या भिंतीला घाम. एकाच वर्षात दोन्ही. तेव्हा लक्षच दिलं नाही, खाली गहू-ज्वारीच्या कोठ्या नी जुनी सायकल, एवढंच होतं. कोठ्या वर आणल्या, विषय संपला.

२०२२ मध्ये पोरगी अकरावी सायन्सला. लातुरात पोरगं अकरावीला गेलं की घराचं काय होतं ते लातूरकरांना सांगायला नको. निम्म्या गल्लीतल्या बेसमेंटात अभ्यासिका निघाल्यात, महिन्याला पैसे घेऊन. मग म्हणलं आपल्याच घरात खोली पडून आहे, पोरीला बाहेर कशाला पाठवायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपणच नीट करू. मी शाळेत मास्तर, सुट्टी भरपूर नी अंगात खुमखुमी.

व्हिडिओ बघितले. लई बघितले. सगळे अमेरिका नी कॅनडाचे. तिकडं तळघर म्हणजे जवळपास घराबरोबर फुकटात आल्यासारखं, कारण थंडीत जमीन गोठते, गोठली की फुगते नी पाया उचलते, त्यामुळं पाया गोठण्याच्या थराच्या खाली न्यावाच लागतो. मिनेसोटात तो साडेतीन ते पाच फूट खाली घ्यावा लागतो. एवढं खोदायचंच आहे तर अजून थोडं खोदून खोली का नको, असा त्यांचा हिशेब. मग लाकडाची चौकट उभी करायची, मधे इन्सुलेशन, वर जिप्समचे बोर्ड, खाली कार्पेट, सोफा, टीव्ही. माणूस शनिवार-रविवारी एकटाच करतोय, कॉफी पित पित. मला वाटलं हे तर आपल्याला जमतंय. आपल्याकडं जमीन गोठत नाही, आपल्याकडं ती फाटते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तर मे महिन्यात काम सुरू. पोपडे खरवडले, लोणा लागलेली जागा तारेच्या ब्रशनं घासली, गंजगोलाईतून पुट्टी आणली, वॉटरप्रूफ लिहिलेला रंग आणला, तीन हात मारले. वर जिप्समची फॉल्स सीलिंग, ती मात्र पोराला हाताशी घेऊन केली, सीलिंग तशी बरी झाली. जमिनीवर व्हिनाईलची लाकडासारखी दिसणारी शीट. लोखंडी अँगलची पुस्तकाची रॅक, एलईडीच्या पट्ट्या. वरून वायर ओढून खाली बोर्ड दिला, जमिनीपासून एक फुटावर. सगळे मिळून ४१ हजार, त्यातले निम्मे तर ड्रिल मशीन, कटर असल्या सामानात गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात खोली अशी दिसायची की साडू बघून म्हणले, आमची पण करून द्या.

जुलैत पाऊस लागला. आधी उजव्या भिंतीला खाली बारके फोड आले, तेलात टाकलेल्या पुरीसारखे. मग फोड जोडले गेले. मग एक दिवस पुट्टीचा थाळीएवढा पापुद्रा पोरीच्या केमिस्ट्रीच्या वहीवर पडला. रंगाला कशाला दोष द्या, पाणी भिंतीच्या पाठीमागून ढकलतंय नी मी समोरून रंग लावून त्याला थांबवायला निघालेलो. पाण्यानं गच्च झालेल्या मातीत सात फूट खाली नुसत्या पाण्याचाच दाब चौरस मीटरला दोन टनाच्या वर जातो, त्याच्यापुढं दोन मिलीमीटर पुट्टी काय करणार. दुसरं म्हणजे मी काम केलं मे महिन्यात. मराठवाड्यात मे महिन्यात कुठली भिंत ओली असते? सगळ्यात कोरड्या दिवशी भिंतीला हात लावून मी ठरवलं की भिंत ठीक आहे. व्हिनाईलखाली पाणी साचून जो वास सुटला तो अजून नाकात आहे.

आणि तो खालचा बोर्ड. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पोरगी चार्जर लावत होती, हाताला झिणझिण्या. त्या दिवशी घरात जे भांडण झालं ते इथं लिहित नाही. गल्लीतला वायरमन आला, बघितलं, नी मला म्हणला सर तुम्ही मुलांना शिकवा, हे राहू द्या. त्यानं खालच्या खोलीचं सर्किट वेगळं काढलं, ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवलं, अर्थिंग तपासलं, बोर्ड चार फुटांवर नेले. साडेसहा हजार घेतले, तोंड वर न करता दिले. इन्व्हर्टरची बॅटरीपण मी हौसेनं खाली ठेवली होती, तीही त्यानंच वर नेली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, बंद खोलीत ती ठेवायची वस्तू नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे वायरमननं सांगावं म्हणजे...

स्वतःच्या कामाला मी पाचपैकी दीड देतो. दीड पण रॅक नी सीलिंगला.

मग कंपनी. नाव लिहित नाही, कारण वाचाल तर कळेल की त्यांचं काम वाईट नव्हतं, प्रश्न वेगळाच होता. एक पोरगा आला, इस्त्रीचा शर्ट, हातात लेझरनं माप घ्यायचं यंत्र, वीस मिनिटांत खोली मोजली, टॅबवर आकडा काढला. १ लाख ६४ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ९३ हजार ५२०. दहा वर्षांची गॅरंटी. घरात खळबळ. पण वहीवर पडलेला पापुद्रा आठवला नी हो म्हणलं. २०२२ ची दिवाळी झाल्यावर काम केलं त्यांनी.

काम करायची पद्धत मात्र बघण्यासारखी. आधी जिन्याला प्लास्टिक लावलं, धूळ वर येऊ दिली नाही. माझा सगळा रंग, पुट्टी काढून भिंत काँक्रीटपर्यंत नेली. जिथं चिरा होत्या तिथं दोन्ही बाजूनं तिरकी भोकं पाडून नळ्या बसवल्या, पंपानं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं रसायन, भरलं. ते पाण्याला लागलं की फेसासारखं फुगतं नी चीर बंद होते. मग दोन भाग मिसळून करायचं ते सिमेंट-पॉलिमरचं कोटिंग, एक हात उभा, एक आडवा, मधे वाळू द्यायचं. सहा दिवसांत काम संपवून, झाडू मारून, फोटो काढून गेले. सांगितलेल्या वेळेला यायचे, चहाशिवाय काही मागितलं नाही. आमच्याकडं अशी शिस्त बघायची सवय नाही, त्यामुळं मी भारावूनच गेलो.

२०२३ चा पावसाळा आला नी भिंत ठणठणीत कोरडी. मी लगेच पाच स्टार ठोकले. आता २०२३ ला पाऊस किती झाला हे तुम्हाला माहितीये. ऑगस्ट अख्खा कोरडा गेला, सोयाबीन जागेवर वाळलं, लोक टँकरची भाषा बोलायला लागले होते. नी मी लिहितोय की वॉटरप्रूफिंग जबरदस्त! अहो, त्या वर्षी तर माझी पुट्टीपण टिकली असती. मराठवाड्यात असल्या कामाचा रिव्ह्यू दुष्काळी वर्षात लिहूच नये, नी दुकानदार म्हणला ना की "दोन वर्षं झाली, एक तक्रार नाही", तर ती दोन वर्षं कुठली होती तेवढं विचारा.

२०२४ चा सप्टेंबर लागला तसा दोन दिवस आभाळ फाटलं. परभणी, हिंगोली, नांदेड सगळीकडं पूर, आमच्याकडंही धो धो. खाली गेलो तर कोटिंग केलेली भिंत कोरडीच, खरंच कोरडी, पण भिंत नी जमीन जिथं मिळते त्या सांध्यातून पाणी सरळ रेघ धरून येतंय. भिंत बंद केली म्हणून पाण्यानं खालचा सांधा शोधला. कंपनीला फोन केला, पोरगा बदलला होता, नवीन पोरगा गोड बोलला, "सर, वॉल-फ्लोअर जॉइंट आपल्या स्कोपमध्ये नव्हता." कागद काढून बघितला, खरंच नव्हता. शिवाय बारीक अक्षरात, बाहेरच्या स्रोतातून येणारं पाणी नी इमारत हलल्यामुळं पडणाऱ्या चिरा गॅरंटीत नाहीत. तळघरात बाहेरून नाही तर काय आतून पाणी येतं का? सांध्याचं नवीन कोटेशन ७२ हजार. नको म्हणलं.

कंपनीला आज तीन. काम स्वच्छ, माणसं नीट, पण एकाही माणसानं घराला बाहेरून चक्कर मारली नाही. जे विकायचं होतं ते खोलीच्या आतच होतं ना.

मामा कसे भेटले तर शाळेतल्या शिपायाच्या ओळखीनं. औशाकडचे, साठीच्या पुढचे, किल्लारीच्या भूकंपानंतर जी नवीन गावं उभी राहिली त्या कामावर तरुणपणी मिस्त्रीकाम शिकलेले. ३० सप्टेंबर १९९३ ला मी प्राथमिक शाळेत होतो, आदल्या दिवशीच गणपती बुडवले होते, ती पहाट आमच्या वयाचं कुणी विसरत नाही. त्यामुळं मामांनी येताच पहिलं वाक्य "कालमाला नि बीमला कुणी छिन्नी लावली नाही ना?" असं विचारलं तेव्हाच मला बरं वाटलं.

२०२५ चा एप्रिल, ऊन मरणाचं. मी त्यांना जिन्याकडं न्यायला लागलो तर म्हणले, "खाली काय बघायचंय, पानी खाली तयार होतंय का?" नी सरळ घराला चक्कर. उजव्या बाजूला आमची भिंत नी शेजाऱ्याचं कंपाउंड यांच्यात तीन फुटांची बोळ. बांधकामाच्या वेळी तिथं खोदलेलीच काळी माती परत लोटलेली. मामा खाली बसले, भिंतीला लागून मातीत जी भेग पडली होती तिच्यात हात घातला. मनगटापर्यंत गेला. मग एक बारकी सळई मागितली, ती तीन फूट खाली. म्हणले, "सर, ही बगा तुमच्या पान्याची जिन्याची वाट."

काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते नी फाटते, हे आपण शेतकऱ्याची पोरं लहानपणापासून बघतो, भेगेत चेंडू गेला की गेला. पण घराच्या भिंतीला लागून तीच माती असली तर काय होतं याचा विचार केला नव्हता. उन्हाळ्यात ती भिंतीपासून सुटते, पहिला जोराचा पाऊस त्या फटीतून थेट पायापर्यंत, मग माती फुगून फट बंद, पाणी आत अडकलं, नी वरून भिंतीला फुगलेल्या मातीचा रेटा. वर बघितलं तर गच्चीचा पावसाचा पाइप. तोही त्याच बोळीत सोडलेला, जमिनीपासून दीड फूट वर, मोकळाच. बाराशे फुटांच्या गच्चीचं सगळं पाणी दहा वर्षं आम्ही स्वतः त्या फटीत ओतत होतो. मी डोक्याला हात लावला. मामा म्हणले, "तुमी खालून वर बगायलाव, जरा वरून खाली बगा."

काम असं केलं. बोळीतली माती सात फूट खोल काढायची, पण एकदम नाही, पाच-पाच फुटांचे तुकडे करून, फळ्या नी बल्ल्या लावून, नाहीतर शेजाऱ्याचं कंपाउंड आमच्या खड्ड्यात. भिंत बाहेरून धुवून, सांध्याला गोलाई देऊन प्लास्टर, मग कोटिंग. बाहेरून लावलेल्या कोटिंगला पाणी भिंतीवर दाबतं, आतून लावलेल्याला सोलून काढतं, एवढा साधा फरक. त्याच्यावर खरबडी शहाबादी फरशी उभी लावून मधल्या फटीत सिमेंटची पातळ लापशी. जुन्या लोकांची ही बॉक्स पद्धत, महाग वाटते पण शहाबादी आमच्याकडं जवळून येते. मग खाली भोकाचा पाइप, त्यावर गिट्टी, वर मुरूम, काळी माती परत टाकायची नाही म्हणजे नाही. सगळ्यात वर कोबा, भिंतीकडून बाहेर उतार देऊन. गच्चीचा पाइप लांबवून पुढच्या नालीत.

आठ दिवस सांगितले होते, लागले तेवीस. भाचीचं लग्न, मग कुणाचं तरी दहावं, मग मजूर आला नाही. नी एवढ्यात मेमध्येच अवकाळी सुरू झाला, तोही असातसा नाही, रोज संध्याकाळी. तिसरा तुकडा उघडा असताना रात्री खड्ड्यात चार फूट पाणी. शेजारचे काका कंपाउंडजवळ बॅटरी घेऊन उभे, काही बोलत नव्हते, त्यांचं ते न बोलणंच जड. रात्री साडेबाराला मी नी पोरगा बोअरवाल्याकडून मोटार आणून पाणी उपसायलोय, मामांचा फोन स्विच ऑफ. सकाळी सात वाजता मामा हजर, म्हणले, "बरं झालं, तळाला कुठून येतंय ते तरी दिसलं." चिडावं का पाया पडावं कळेना.

मामांचे गुण सांगितले तसे दोषपण सांगतो. बिल नाही, कोटेशन नाही, सगळा हिशेब सिगारेटच्या पाकिटावर. सिमेंटात टाकायचं लिक्विड अंदाजानं ओतायचे, गोणीला २०० मिली असं डब्यावर लिहिलंय तर मी मापाचं झाकण घेऊन शेजारी उभा. राडारोडा दारात टाकून गेले, तो उचलायला मलाच ट्रॅक्टर सांगावा लागला. तंबाखूच्या पिचकाऱ्या नवीन कोब्यावर. नी आत पाणी यायचं म्हणून त्यांनी मागचा एक व्हेंटिलेटर विटा लावून बंदच करून टाकला, मला न विचारता. एकूण खर्च ८३ हजार, माल धरून.

तो व्हेंटिलेटर मी परत उघडला. जुलैत खोलीत पाणी नव्हतं पण दमटपणा होता. इथं एक गोष्ट व्हिडिओवाल्यांची कामाला आली. प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा तुकडा जमिनीला चारी बाजूंनी टेप लावून चिकटवायचा नी एक दिवस ठेवायचा. खालच्या बाजूला थेंब आले तर ओल जमिनीतून येतेय, वरच्या बाजूला आले तर हवेतली वाफ गार पृष्ठभागावर बसतेय. माझे वर आले. म्हणजे वॉटरप्रूफिंगचा संबंध नाही, हवा खेळत नाही. हिशेब सोपा आहे, २० गुणिले १२ गुणिले ९ म्हणजे २१६० घनफूट, तासाला सहा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला २१६ घनफूट. तेवढ्या क्षमतेचा एक्झॉस्ट मीच बसवला, दुसऱ्या व्हेंटिलेटरच्या जागी मागच्या विटाच्या भिंतीत उघडणाऱ्या जाळीची मोठी खिडकी घेतली. अमेरिकेत तळघरात झोपायची खोली करायची तर माणूस बाहेर निघेल एवढी खिडकी लागते, मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट. आपल्याला तसं कुणी विचारत नाही, पण जिना एकच, नी जिन्यातच धूर झाला तर?

अण्णांना, म्हणजे वडिलांना, हे हवेचं सांगितलं तर ते हसले. म्हणले आमच्या वाड्यात पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, होतं तेव्हा ते उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे, विझला तर कुणी उतरायचं नाही. ज्वारी श्वास घेते, ऑक्सिजन संपवते नी जड वायू तळाला साचतो, पेवात माणसं गेल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या. आमच्या खोलीत ज्वारी नाही, पण आठ पोरं बसवून दार लावलं तर कंदील सोडायची वेळ येईल. गल्लीतल्या काही अभ्यासिका बघून हे मुद्दाम लिहितोय.

मामांना चार. एक व्हेंटिलेटरसाठी कापला, पिचकाऱ्यांचं माफ.

कुणी विचारलं की स्वतः करू का माणूस लावू, तर मी आधी हे विचारीन की गच्चीचा पाइप कुठं सोडलाय. तेवढं बघायला पैसे लागत नाहीत, एप्रिलमध्ये भिंतीलगतच्या भेगेत हात घालून बघा नी मुसळधार पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराला एक चक्कर मारा. रंग, रॅक, सीलिंग, क्युरिंगचं पाणी, हे घरीच होतं, मी सात दिवस सकाळ-संध्याकाळ कोब्यावर पोती भिजवली नी त्यात मामांनीपण खोड काढली नाही. खोदकाम नी वायर यांना मी परत हात लावणार नाही. नी कंपनी लावायचीच असेल तर पैसे द्यायच्या आधी सांधा, जमीन, बाहेरचं पाणी, हे तीन शब्द कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

जिच्यासाठी हे काढलं ती पोरगी त्या खोलीत नीट एक महिनापण बसली नाही, ती आता नांदेडला शिकतीय. खाली आता पोरगा बसतो, तोही नेट येत नाही म्हणून कुरकुरत, त्याला वरून केबल ओढून दिली.

२०२५ च्या सप्टेंबरात काय झालं ते सगळ्या मराठवाड्यानं बघितलं, जनावरं वाहून गेली, जमिनी खरवडून गेल्या, त्यापुढं आमच्या खोलीचं काय घेऊन बसायचं. तरी रात्री लाइट गेल्यावर मोबाइलची बॅटरी लावून मी खाली उतरत होतोच. सांधा कोरडा. फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात, जी बाजू मामांनी खोदली नव्हती तिथं, भाकरीएवढा ओला डाग. पेन्सिलनं त्याच्या कडेनं रेघ मारून २८ सप्टेंबर तारीख टाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी बोटभर बाहेर गेला, दुसरी रेघ मारली. त्याच्यानंतर काही सरकला नाही.